अडीच किलोची रायफल

रघुवीरने रायफल उचलली आणि त्याला हसूच आलं. "आत काही आहे, की नुसताच सांगाडा?"

"अडीच किलो," काउंटरमागचा दुकानदार म्हणाला. "दस्ता कार्बन फायबरचा, नळी आखूड. दुर्बीण आणि सायलेन्सर लावलात तरी साडेतीनच्या आत."

घरची जुनी रायफल अक्रोडाच्या दस्त्याची, सगळं धरून पाच किलोंची. एकवीस वर्षं दर ऑक्टोबरला ती खांद्यावर टाकून रघुवीर स्कॉटलंडच्या डोंगरात हरणांमागे चढला होता. बरोबर नेहमी मित्र जयंत, लंडनच्या एजवेअरचा. गेल्या वर्षी मात्र गुडघ्यांनी अर्ध्या चढावरच हात टेकले. ओझं कमी झालं तर अजून चार-पाच वर्षं निघतील, असं त्याला वाटत होतं. डोंगर सुटला, की मग बेसिंगस्टोकच्या घरातला सोफा आणि समोर टीव्ही. त्यापेक्षा मेलेलं बरं.

त्याने बोल्ट मागे ओढला, पुढे सारला. तेल दिलेल्या कडीसारखा गेला.

"चेंबरमध्ये गोळी नाही ना, बघितलंस का आधी?" शेजारी उभ्या जयंतने विचारलं.

"मला शिकवतोस? तुला पहिलं हरीण कोणी दाखवलं?"

"तूच. आधी चेंबर बघायलाही तूच शिकवलंस."

दुकानदाराने दुसरी एक पुढे केली, पोलादी, तीन किलोंची. "ही गोळी सुटताना खांद्याला कमी लागते. हलकी रायफल जास्त लाथ मारते. पण गेल्या खेपेलाही तुम्ही ती हलकीच पसंत केली होती."

रघुवीरने जयंतकडे पाहिलं. "आपली सगळी तोंडं या गोऱ्यांना सारखीच," तो मराठीत पुटपुटला.

जयंत हसला नाही. तो लोकरी मोजे बघत होता.

हलकीच ठरली. पण परवान्यावर तिची नोंद व्हायला पोलिसांची मंजुरी लागते, तोवर दुकानदाराने ती बाजूला ठेवली. परतताना गाडी जयंतने चालवली. मोटरवेला लागल्यावर तो म्हणाला, "यंदा परीक्षितलाही घेऊ या का? आमचे जावईबापू कधीचे मागे लागलेत."

"डोंगरावर दोनच रायफली घेतात."

"तो रायफल नाही घेणार. तुझी बॅग धरेल."

"माझी बॅग मला जड होत नाही."

"बरं. अर्जाची तरी घाई करू नकोस रघू. ऑक्टोबरला वेळ आहे."

घाई करू नकोस म्हटल्यावर रघुवीरने त्याच आठवड्यात अर्ज टाकला.

नंतर दहा दिवसांनी दोन पोलीस दारात आले. नम्र होते, बूट काढू का म्हणून विचारलंसुद्धा. जिन्याखालचं पोलादी कपाट त्यांनी रघुवीरकडूनच उघडून घेतलं आणि जुनी रायफल घेऊन निघाले.

"कशासाठी?"

"तुमच्या तब्येतीबद्दल आमच्याकडे एक पत्र आलंय."

"कोणाचं?"

"ते आम्हाला सांगता येणार नाही, सर."

गुडघ्यांचं दोघांनाच माहीत होतं. एक बायको श्यामला, दुसरा जयंत. रघुवीरने फोन उचलला.

"जावयासाठी जागा हवी होती, तर तोंडाने मागायची होतीस."

"कसली जागा? काय झालं?"

"पोलिसांना पत्र लिहिलंस ना?"

पलीकडे जयंत क्षणभर गप्प राहिला. रघुवीरला तेवढं पुरलं.

"मी काहीही लिहिलेलं नाही, रघू."

"तुझ्या हातात भरलेली रायफल असताना तुझ्याकडे पाठ करून चाललो मी. एकवीस वर्षं. कधी मागे वळून पाहिलं नाही."

"ऐक, मी उद्या येतो. समोर बसून बोलू."

"माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस."

तरी जयंत आला. श्यामला दार उघडायला उठली.

"उघडलंस तर मी मागच्या दाराने जाईन," रघुवीर म्हणाला.

जयंत अर्धा तास गाडीत बसला आणि निघून गेला.

"अहो, जयंतभावजी असं करायचे नाहीत," श्यामला म्हणाली.

"मग तू केलंस?"

ती आत निघून गेली. पुढचे चार दिवस त्या घरात "चहा घेता का" यापलीकडे शब्द निघाला नाही. रघुवीरने डोंगरावरचे स्वतःचे आणि जयंतचे फोटो भिंतीवरून उतरवले. खिळे तेवढे राहिले.

पुढच्या सोमवारी परवाना खात्याच्या मिसेस हॉलंड आल्या. मांडीवर फाइल घेऊन सोफ्याच्या कडेला बसल्या.

"शेवटचा निर्णय घ्यायच्या आधी मला एकच विचारायचंय. तुम्ही आम्हाला कधी पत्र लिहिलं होतं?"

"मी? पोलिसांना? जन्मात नाही."

त्यांनी काही टिपून घेतलं नाही. फाइलमधून एक कागद काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. "सावकाश वाचा."

वर तारीख गेल्या महिन्यातली. खाली मोठी, सुटी सुटी अक्षरं, रेघ सोडून वर चढलेली. पन्नाशीत कौन्सिलच्या संध्याकाळच्या वर्गात बसून इंग्रजी लिहायला शिकलेल्या माणसाची. रघुवीरने चष्मा लावला.

"साहेब, माझं डोकं आताशा दगा देतं. गेल्या ऑक्टोबरात माझी रायफल भरलेली राहिली आणि तिचं तोंड जयंतच्या पाठीकडे होतं. तो कोणाला बोलला नाही. माझ्या बायकोलाही यातलं काही माहीत नाही. आज सकाळी मला सगळं नीट आठवतंय, म्हणून आजच लिहून टाकतो. माझी रायफल घेऊन जा. मी भांडेन, दुसऱ्यांवर आळ घेईन. हे पत्र मी लिहिलंच नाही, असंही म्हणेन. तसं म्हणालो, तर माझं ऐकू नका."