मधली शांतता

“गादीच्या जाहिरातीत भूकंप कशाला?” मालकांनी हेडफोन काढत विचारलं. “लोकांना झोप यायला हवी रे, पळून जायला नको.”

तो हसला. पगार तर घ्यायचा आहे पण मान द्यायचा नाही, अशा माणसासमोर हसतात तसं. ‘गाढवाला गुळाची चव काय,’ असं मनात म्हणत त्याने खालचा घुमारा काढला आणि तिथे बासरी टाकली. मालक खूश झाले. मालकांना खूश करणं किती सोपं आहे, याचीच त्याला शिसारी यायची.

दिवसा तो या स्टुडिओत गाद्या, साबण आणि दातांचे दवाखाने यांच्या जाहिरातींना आवाज जोडायचा. उरलेल्या वेळात तो ‘भूगर्भ’ होता. हे नाव त्याचं त्यानेच ठेवलं होतं, दुसरं कुणी ठेवेल अशी चिन्हं नव्हती. घराच्या मागच्या खोलीत एक लॅपटॉप आणि दोन दांडगे स्पीकर घेऊन तो डबस्टेप, म्हणजे भिंती हादरवणारं इलेक्ट्रॉनिक संगीत, बनवायचा आणि इंटरनेटवर टाकायचा. कंपनी नाही, दलाल नाही, कुणाची मेहेरबानी नाही. ऐकणारंही कुणी नव्हतं, पण तो दोष ऐकणाऱ्यांचा.

“मेंढरं आहेत सगळी,” तो बायकोला सांगायचा. “एकाने मान डोलावली की बाकीच्यांनी डोलावायची.”

“त्यातलं एकही मेंढरू तुझ्याकडे का वळत नाही, ते बघ आधी,” ती म्हणायची.

नवा ट्रॅक त्याने जवळजवळ वर्षभर घासला. ताल चढत चढत जायचा, श्वास अडकायचा, आणि मग सगळं एकदम बंद. चिडीचूप. ती शांतता सोसवेनाशी झाली की ड्रॉप: पोटात घुमणारा, खिडकीची तावदानं थरथरवणारा बास धाडकन कोसळायचा. ती मधली शांतता म्हणजे त्याच्या कलेचा आत्मा होता, निदान तो तरी तसं सांगायचा. बायकोने ट्रॅक शेवटपर्यंत ऐकला, ओट्यावरून घरंगळलेला चमचा उचलला आणि म्हणाली, “डोंगर पोखरून उंदीर.”

त्याने तिच्याशी अबोला धरला.

आणि मग ट्रॅकखालचा आकडा हलला. ट्रॅक कुणीतरी ऐकत होतं. एकदा नाही, संध्याकाळपासून सकाळपर्यंत, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरात निरोप आला.

‘तुमच्या संगीताचा जो परिणाम होतो, तो दुसऱ्या कशाचाच होत नाही. आम्ही सिनेमाची गाणी लावून पाहिली, शास्त्रीय लावून पाहिलं, व्यर्थ. आमची जागा मोठी आहे, स्पीकरही मोठे आहेत. आता रोज फक्त तुम्हीच. एकच विनंती. मधली ती शांतता काढता आली तर बघा. तेवढ्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न होतात.’

शांतता काढा! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ‘फक्त तुम्हीच’ हे शब्द त्याने पुन्हा वाचले आणि आग आपोआप खाली उतरली. हा काही गादीवाला नव्हे, जाणकार होता. मैफल क्षणभरही तुटू नये म्हणणारा.

‘मंडळी काय म्हणतात?’ त्याने विचारलं.

‘मंडळींचं काय विचारता! पहिल्याच दिवशी अशी धावपळ उडाली की बघत राहावं. एकदा येऊन जागा बघा.’

त्याच आठवड्यात मालकांनी त्याला समोर बसवलं. “मी थकलो आता. पुढच्या महिन्यापासून स्टुडिओ तूच सांभाळ.”

“गाद्या विकायला दुसरा कुणीतरी शोधा,” तो म्हणाला. “माझं संगीत कळणारी माणसं भेटलीत मला. तुमच्यासारख्या बहिऱ्यांपुढे आयुष्य काढायला मी मोकळा नाही.”

मालक उठून दाराशी गेले. मग म्हणाले, “किल्ली टेबलावर ठेव. हे दार आता तुला उघडणार नाही.”

घरी हे ऐकताच बायकोने खर्चाची वही काढली. तिचं काम सुटल्यापासून घर त्याच पगारावर चालत होतं.

“अरे, आधी त्या माणसाला भेटायचंस, मग नोकरीला लाथ मारायचीस.”

“उद्या चल माझ्याबरोबर. माझे श्रोते बघ, म्हणजे तुझंही तोंड बंद होईल.”

जागा गावाबाहेर होती. पत्र्याचं उंच छप्पर, छतापर्यंत रचलेली धान्याची पोती आणि चारही कोपऱ्यांत काळे स्पीकर. बायकोने त्याच्याकडे पाहिलं.

“खऱ्या मैफली गोदामातच होतात,” तो म्हणाला. “तुला काय कळणार.”

गोदामवाला लगबगीने आला. अंगभर पिठाळ धूळ. त्याने भूगर्भाचा हात दोन्ही हातांत धरला. “काढलीत शांतता?”

“काढली. आजवर कुणासाठी एक सूर बदलला नव्हता. तुमच्यासाठी बदलला.”

ट्रॅक सुरू झाला. न थांबता, न तुटता बास घुमत राहिला, पायाखालची फरशी थरथरू लागली. गोदामवाला कोपऱ्याकोपऱ्यात डोकावून आला आणि समाधानाने मान डोलावू लागला. भूगर्भाचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर कुणी अशी मान डोलावली नव्हती. बायकोने हे पाहावं म्हणून त्याने तिला कोपराने ढोसलं.

“मंडळी कधी यायला लागतात?” त्याने ओरडून विचारलं.

“यायला?” गोदामवाला हसला. त्याने कडेचं एक पोतं पुढे ओढलं आणि त्याचा कुरतडलेला कोपरा दाखवला. “हे शेवटचं, साहेब. तुम्हाला लावल्यापासून इथे एक उंदीर टिकलेला नाही.”