भाविकला जपायचं

आजोबा आणि बाबा, दोघंही चाळिशीतच हार्ट अटॅकने गेले. तेव्हापासून कशेळीच्या त्या घरात आई भाविकला तळहातावरच्या फोडासारखं जपायची. सिलिंडर त्याच्या बहिणीने, उन्नतीने उचलायचा, गोडाऊनच्या भाडेकरूंशी उन्नतीनेच भांडायचं. भावाला साधा रागसुद्धा येऊ द्यायचा नाही, हा घरचा कायदा.

भाविकच्या जनुकांची तपासणी करायला गेले, तर डॉक्टरांनी बहिणीचीही करून घेतली. भाविकमध्ये घराण्याचा दोष नव्हता. तो उन्नतीत उतरला होता.

"आई, आता मला जप गं," ती कसंनुसं हसत म्हणाली.

आईने डोळे पुसले, तिला पोटाशी धरलं आणि हळूच म्हणाली,

"भाविकला सांगू नको हां, बाय. त्याला धक्का सोसायचा न्हाय."