शिडीला वेढा

हॉलला रंग कोणता द्यायचा, यावर राज्यशास्त्राच्या सरांनी काल घरात चक्क गुप्त मतदान घेतलं. पिवळ्याला चार मतं पडली, निळ्याला त्यांचं एकट्याचं. आज सकाळी रंगाऱ्याच्या हाती निळा डबा सोपवून सर कॉलेजात आले आणि तावातावाने शिकवू लागले, "पक्क्या हुकूमशाहीत यादवी सहसा पेटत नाही, मुरलेल्या लोकशाहीतही नाही. खरा धोका अधल्यामधल्या राजवटीत! तिथे लोकांचं मत विचारतात आणि करतात मात्र स्वतःच्या मनासारखं."

तेवढ्यात सरांचा फोन वाजला.

"सर, मी रंगारी. वहिनी, आजी आणि तुमच्या दोन्ही पोरींनी शिडीला वेढा घातलाय, मला खाली उतरू देत नाहीयेत. पिवळा डबा वर आलाय. आता कुणाचं ऐकू?"