आर्चबिशपची होडी

आयर्लंडमधल्या कासलबारच्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेली स्वरूपा कणीक मळत होती आणि नऊ वर्षांचा राजस तिला शाळेतली गोष्ट रंगवून सांगत होता. जर्मनीत फार पूर्वी अ‍ॅनो नावाचा बडा आर्चबिशप होता. 'चल, माझी नवी होडी बघ' म्हणत त्याने पोरसवदा राजाला होडीत चढवलं आणि पळवलं. आई बिचारी मागेच राहिली.

"राजाने नदीत उडी मारली, तरी त्याला ओढून परत आत घेतलं! आणि पुढे लोकांनी त्या आर्चबिशपला सेंट केलं."

"असल्या माणसाला?"

"चर्चेस बांधली ना त्याने! पण मी पण उडी मारली असती, आई. सिरियसली."

नवऱ्यापासून स्वरूपा वेगळी झाली होती, तरी सासूबाई नातवासाठी आल्या होत्या. जपमाळ डोळ्यांना लावून त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "अगं, सुट्टीत याला पुण्याला नेते. बापाने कुत्र्याचं पिल्लू आणलंय. बघेल आणि येईल."

एवढ्या उपासतापासाच्या बाईवर संशय कोण घेणार? स्वरूपाने पासपोर्ट काढून दिला.

सुट्टी संपली, तरी परतीचं तिकीट काही निघेना.

"त्याला इथल्याच शाळेत घातलंय," सासूबाईंनी फोनवर सांगितलं. "तू त्रास करून घेऊ नकोस हं. तुझ्यासाठीही सोमवार धरलेत मी."

"राजसला द्या आधी! राजस, घाबरू नकोस बाळा, मी तुला न्यायला येतेय."



"नको ना येऊस, आई. मी ग्रँड आहे, एकदम मजेत. पिल्लू माझ्याशिवाय झोपतच नाही."