तीन नीलम सावंत

“तिघीही येत नाहीयेत,” जान्हवी फोनवर तिच्या मैत्रिणीला, श्वेताला म्हणाली, “आणि बॅनर कालच लागलाय यार. वाट लागली माझी.”

बॅनर बोरीवलीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागला होता, चांगला ठळक. ‘एकच नाव, तीन लेखिका! भेटा तिन्ही नीलम सावंतांना!’ कल्पना जान्हवीचीच. सोसायटीच्या वाचनालयात ती ग्रंथपाल होती. मालवणी माशांच्या पाककृती लिहिणारी नीलम सावंत, खुनाच्या कादंबऱ्या लिहिणारी नीलम सावंत आणि प्रेमकविता लिहिणारी नीलम सावंत, या तिघींची पुस्तकं तिथे हातोहात जायची. वाचक मात्र गोंधळायचे. मध्यंतरी एका आजोबांनी खुनाची कादंबरी समजून पापलेटाचं पुस्तक घरी नेलं, आणि तक्रार न करता वर मुदतही वाढवून घेतली.

तिघींना एका मंचावर आणलं तर हॉल भरेल, हॉल भरला तर सभासद वाढतील, असा तिचा हिशेब होता. सभासद वाढले नाहीत तर सोसायटी ती जागा जिमला देणार होती.

वाचनालयाचे अध्यक्ष श्यामसुंदर दिघे यांनी तेव्हाच नाक मुरडलं होतं. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावायचे. वाचनालयात येऊन ते पंखे बंद करत फिरायचे; त्यांनी कधी एखादं पुस्तक घरी नेल्याचं जान्हवीने पाहिलं नव्हतं. “पुस्तक वाचावं आणि ठेवून द्यावं. लिहिणारा माणूस कशाला बघायचाय?” असं ते बैठकीत म्हणाले. पण समितीतल्या बाकीच्यांनी कल्पना उचलून धरली, तेव्हा जान्हवीकडे बघून ते एवढंच म्हणाले, “मग निस्तरायचं तुला आहे.”

आता निस्तरायची वेळ आली होती. तिन्ही प्रकाशकांची उत्तरं आली होती. एका नीलम सावंतांना प्रवास झेपत नव्हता, दुसऱ्या परदेशी होत्या, तिसऱ्या कुणालाच भेटत नव्हत्या.

“पुस्तकांवर फोटो आहेत का त्यांचे?” श्वेताने विचारलं.

“एकीचाही नाही.”

“मग झकास! खुनाच्या कादंबऱ्या मी घेते. बाकीच्या दोघी तू शोध.”

“अगं, ही फसवणूक आहे.”

“आणि जिम आलं की तू काय करणार? डंबेल्स वाटणार?”

जान्हवीने दोन दिवस नाही नाही म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी मनोरीला मावशीला फोन लावला. शेवंतीमावशी तिथल्या कॉटेजमध्ये येणाऱ्या पाहुण्यांना जेवण करून घालायची.

“माका ता भाषण-बिषण जमाचा नाय गो,” मावशी म्हणाली.

“भाषण नको. बांगड्याचं तिखलं कसं करतेस ते सांग.”

“ता रात्रभर सांगतंय!”

कवितांसाठी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका इरावतीबाई तयार झाल्या. त्यांनी फक्त एक अट घातली, की कुणासाठी लिहिल्या ते त्या आपल्या मनाने सांगतील.

रविवारी संध्याकाळी हॉल असा भरला की शेजारच्या बिल्डिंगमधून खुर्च्या आणाव्या लागल्या. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, दिघे बसले होते. त्यांना बघून जान्हवी मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

मावशीने मात्र पहिल्याच वाक्याला सभा खिशात घातली. तिरफळं कधी टाकायची ते ती सांगत होती आणि बायका मोबाइलवर तिला रेकॉर्ड करत होत्या. तेवढ्यात एकीने विचारलं, “पण पुस्तकात तुम्ही आमसुलं लिहिलीयत. आता चिंच म्हणताय?”

मावशी अडखळलीसुद्धा नाही. “छापणाऱ्यान घोळ घातल्यान!”

दिघ्यांना जोराचा ठसका लागला. कुणीतरी त्यांना पाणी दिलं.

इरावतीबाईंनी कविता वाचल्या. समोरच्या गॅलरीत उभ्या राहणाऱ्या कुणा एकासाठी लिहिल्या म्हणाल्या, त्याला मात्र कधीच कळलं नाही. दिघे चष्मा पुसत राहिले.

मग श्वेता उठली. तिने कादंबरीची शेवटची पानं वाचलीच नव्हती, हे जान्हवीला माहीत होतं. मागून एका गृहस्थांनी विचारलं, “बाई, त्या डॉक्टरला मारायची काय गरज होती?”

“मी खूप सांगून बघितलं त्याला,” श्वेता म्हणाली, “ऐकतच नव्हता.”

सगळा हॉल हसला. आणि मग दिघे उभे राहिले.

“विषाची बाटली देवघरात,” ते सावकाश म्हणाले. “हे जरा ओढूनताणून नाही वाटत?”

“तुम्ही शोधली असती तिथे?” श्वेताने विचारलं.

“वा,” दिघे म्हणाले आणि बसले.

कार्यक्रम संपल्यावर सभासद होण्यासाठी रांग लागली. जिमसाठी अडून बसलेले सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा बायकोला घेऊन त्या रांगेत उभे होते. जान्हवी पावत्या फाडत असताना दिघ्यांनी तिला खुणेने कपाटांमागे बोलावलं.

“या तिघी नीलम सावंत नाहीत,” ते हळू आवाजात म्हणाले.

खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. “नाहीत, सर. खऱ्या यायला तयार नव्हत्या. चूक माझी एकटीची आहे. उद्या राजीनामा देते.”

दिघ्यांनी हॉलकडे नजर टाकली. मावशीभोवती अजून घोळका होता, आणि इरावतीबाई एका कॉलेजच्या मुलीला सही देत होत्या. दिघ्यांनी गळ्याजवळचं बटण सोडलं.

“राजीनामा राहू दे,” ते म्हणाले. “एक चौथी नीलम सावंत तेवढी शोधून ठेव. दिवाळीला माझं बालगीतांचं पुस्तक येतंय.”