धाकटीची पावलं

थोरली रोज तासभर ट्रेडमिलवर घाम गाळायची आणि मोजून चौदाशे कॅलरी खायची, तरी वजनाचा काटा जागचा हलत नव्हता. धाकटी जाऊ मात्र शेजारीच बसून दुसऱ्यांदा भात वाढून घ्यायची, आणि तिचेच कपडे दिवसेंदिवस सैल होत होते. थोरलीला घास गोड लागेना. ही लपूनछपून व्यायाम करत असणार, पण सांगेल तर शपथ!

शेवटी तिनं आपलं पावलं मोजणारं घड्याळ एक दिवस धाकटीच्या मनगटावर बांधलं. संध्याकाळी बघते तर एकोणीस हजार पावलं, बेचाळीस जिने, आणि खायला मुभा चक्क बावीसशे कॅलरींची! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"खरं सांग, कुठल्या जिमला जातेस?"

"जिम कसली, ताई? सासूबाई वरच्या खोलीत अंथरुणाला खिळल्यापासून माझं दिवसभर वर-खालीच चाललेलं असतं."

तेवढ्यात वरून हाक आली. "थांब, आज मी जाते. मलाही बावीसशे हवेत," म्हणत थोरली तरातरा जिना चढली.



दारात तिला बघून सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या, "तू कशी आलीस? धाकटीला काही झालं का गं?"