कोब्यातली ओल

"फरशीवाल्याशी लगीन करू नको गं. त्याचा जलम दुसऱ्याच्या घरात जातो," असं आशामावशीनं बजावलं होतं, तेव्हा वृषाली हसली होती. ओतूरच्या कॉलेजातून बीकॉम झालेली पोरगी. अमृतचं हिमाचलातलं काम ऐकूनच तिला भारी वाटलं होतं. हॉटेलांच्या फरशीखाली तापणारी वायर टाकायची आणि वर टाइल बसवायची.

आता तीच वायर आहुप्यात, त्यांच्या स्वतःच्या घरात आली होती. श्रेया रांगायला लागली होती आणि थंडीत तिचे गुडघे गारठत. साइटवर उरलेली वायर घेऊन अमृत रजेवर आला, एका खोलीत ती अंथरली, वर सिमेंटचा कोबा केला. गावाला तर जत्राच मिळाली. रोज कुणी ना कुणी चपला काढून कोब्यावर पाय ठेवून बघायचं आणि तापली का, म्हणून विचारायचं. आधी टाइल, मग बटण, असं अमृत प्रत्येकाला समजावायचा.

टाइल बसली की दुसऱ्या दिवशी त्याला निघायचं होतं. पुन्हा आठ महिने. श्रेया आत्ता कुठं त्याच्याकडं झेपावू लागली होती.

पण कोबा वाळेना. ओल तपासायला संध्याकाळी तो कोब्यावर प्लॅस्टिकचा तुकडा टेपनं चिकटवायचा. सकाळी अंघोळ उरकून सोलला की खाली थेंब. ओल्या कोब्यावर टाइल लावली, तर वायर तापल्यावर ती सुटणार. म्हणून परत थांबा. तो टेप सोलायला बसला की वृषाली हातातलं काम टाकून यायची. श्रेयाला कडेवर घेऊन ती त्याच्या खांद्यावरून वाकून बघायची.

सासू साळुबाई धुक्याला दोष द्यायची. शेजारचा राघू अमृतला.

"तिकडं बर्फात वाळतं आन् हितं न्हाई व्हय? मिस्त्री, शिकलाय का नुसतं फिरून आलाय?"

बाराव्या सकाळी ठेकेदाराचा फोन आला. अमृतनं खांद्यावर टॉवेल टाकला.

"आज कोरडं निघालं, तर दुपारीच टाइल लावतो. उद्या निघतो."

"निघेल हो कोरडं. तुम्ही सावकाश अंघोळ करा, पाणी कढत आहे," वृषाली म्हणाली.

न्हाणीचं दार लागलं. तिनं श्रेयाला सासूकडं दिलं, खोलीत आली, रोजच्यासारखी प्लॅस्टिकची एक कड नखानं अलगद उचलली, फुलपात्रातलं घोटभर पाणी आत सोडलं आणि टेप दाबून बसवू लागली. तुम्ही जरा न्हाणीकडं बघता का, अमृत बाहेर तर नाही ना आला?